तीन पाण्यांत धुतलेला धागा

"आमच्या जाऊबाई बी.एस्सी. होऊन धुणं धुतात," असं माझी धाकटी जाऊ चारचौघांत सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. उमरग्याच्या बाहेर हायवेला लागून एक छोटा कारखाना होता. तिथं मी निवृत्त होईपर्यंत धुलाई विभागाची प्रमुख होते. मुलाच्या सोयरिकीच्या वेळी व्याह्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "विहीणबाई लाँड्रीत असतात का?" मी म्हटलं, "हो, पण कपडे सोडून दुसरं धुते." ते बिचारे चहाच पीत बसले.

तर मी काय धुवायचे ते आधी सांगते. घायपात तुम्ही पाहिलेलं असेल. बांधाला, माळाला, जिथं दुसरं काही उगवत नाही तिथं उगवतं. जाड लांब पानं आणि टोकाला काटा. आमच्याकडं त्याला केकताड म्हणतात. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. पण त्याच्या पानात पांढरा, लांब, चिवट धागा असतो. पूर्वी त्याचे दोर व्हायचे. आमच्या कारखान्यात तो धागा बारीक कापून, मक्यापासून केलेल्या एका प्लास्टिकमध्ये कालवून, गरम साच्यात दाबायचे. त्यातून रोपवाटिकेचे ट्रे आणि कुंड्या निघायच्या. वैशिष्ट्य असं, की रोप कुंडीसकट जमिनीत लावा, कुंडी आपोआप कुजून मातीत जाते.

हे लोकांच्या पचनी पडायला वेळ लागला. एक गृहस्थ सोलापूरहून तणतणत आले. घरापुढं शोभेला म्हणून त्यांनी आमच्या कुंड्या मांडल्या होत्या. "वर्षभरात कुजल्या हो! हा काय माल आहे?" मी म्हटलं, "साहेब, कुजणाऱ्याच कुंड्या म्हणून तुम्ही नेल्या." ते म्हणाले, "कुजणाऱ्या म्हणजे इतक्या कुजणाऱ्या?" शेवटी त्यांना चहा पाजला आणि मातीच्या कुंड्या कुठं मिळतात तो पत्ता दिला.

धाग्याची भानगड अशी असते, की पानातून निघाला तसा तो प्लास्टिकला धरत नाही. त्याच्या अंगावर मेणासारखा, डिंकासारखा एक थर असतो. तेल लावलेल्या हाताला कणीक चिकटत नाही, तसं. तो थर काढायला धागा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवायचा. थर निघाला की धागा खरबरीत होतो आणि मग चांगला धरतो. इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी मेहनत पुढं असते. ते कॉस्टिक धाग्याच्या अंगावरूनच नव्हे, पोटातूनही काढावं लागतं. राहिलं, तर साच्यातल्या उष्णतेत ते प्लास्टिकलाच खातं. ट्रे वरून छान दिसतो आणि आतून ठिसूळ होतो. म्हणून आमच्याकडं सहा पाणी धुलाई. पाचव्या पाण्यात जरासं आंबट, म्हणजे व्हिनेगरमधलं ॲसिड. सहावं पाणी साधं. त्या सहाव्या पाण्यात धागा तासभर तसाच ठेवायचा आणि मग रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवून बघायची. पिवळी-हिरवी राहिली तर ठीक, निळी झाली तर पुन्हा धुवा. तासभर थांबायचं ते अशासाठी, की पोटातलं बाहेर यायला वेळ लागतो. हा नियम मीच बसवला होता. भिंतीवरचा त्याचा तक्ताही माझ्याच अक्षरातला होता.

धागा आमच्याकडं दोन तऱ्हेचा यायचा. एक यंत्रावर पानं सोलून काढलेला, आखूड आणि तुटका. दुसरा जळकोटच्या मारुतीमामांचा. मामा पिढीजात दोर वळणारे. ओढ्याकाठच्या खड्ड्यात पानं भिजत घालायची, आतला गर सडला की बडवून, धुऊन, विंचरून धागा काढायचा. हातभर नव्हे, पुरुषभर लांब आणि चांदीसारखा धागा. कारखान्याच्या मालकांना सगळे दादा म्हणायचे, वयानं माझ्याहून लहान, पुण्यात शिकून आलेले. ते पाहुण्यांना कारखाना दाखवायला आणत, तेव्हा मामांचीच जुडी हातात देत. माझे मामांशी संबंध चांगले होते. एकदा मी वही उघडून त्यांना विचारलं होतं, "मामा, पानं किती दिवस भिजवता?"

"दिस कोण मोजतंय बाई? थंडीत लई लागत्यात, उनात कमी. पान चिमटीत धरायचं. गर सुटला की हाताला कळतंय."

माझ्या वहीत 'हाताला कळतंय' असा रकाना नव्हता. मी तिथं नुसती रेघ मारली.

टेम्पो उतरेपर्यंत मामा वाळवणाच्या दोऱ्यांखाली सावलीत बसायचे. हाताला चाळा म्हणून धुतलेल्या धाग्यातल्या चार बटा ओढून घ्यायचे, धोतर वर सरकवायचे आणि उघड्या मांडीवर तळहातानं वळत बसायचे. दोर वळणाऱ्याचं ते लिहिणं-वाचणंच. आमच्या धुलाईतल्या बायका त्यांना सवयीच्या होत्या. त्याही त्यांना मामाच म्हणायच्या. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही.

मग ते पाण्याचं वर्ष आलं. आमच्या भागात असं वर्ष काही नवं नाही. कारखान्याच्या बोअरला नुसती हवा यायला लागली आणि टँकर सुरू झाले. दादा एक दिवस धुलाईत येऊन म्हणाले, "मॅडम, पाण्याचं काहीतरी बघा. नाहीतर धुलाई बंद ठेवावी लागेल, बायकांना घरी बसवावं लागेल." एवढंच म्हणाले. धुलाई कमी करा असं ते म्हणाले नव्हते, हे इथं स्पष्ट लिहिते, कारण नंतर मनातल्या मनात मी बराच काळ ते त्यांच्या तोंडी घालत आले.

मी डोकं चालवलं. सहा पाण्यांची तीन केली. आंबटाचं प्रमाण थोडं वाढवलं, म्हणजे हिशेब जुळेल. आणि तासभर धागा पाण्यात ठेवायचा म्हणजे हौद तासभर अडकतो, म्हणून पाणी निथळतानाच पट्टी लावायला लागले. पट्टी हिरवी यायची. का येणार नाही? वरचं वरचं कॉस्टिक आंबटानं मेलेलं असायचं. पोटातलं पोटातच. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाच्या पोरीला कळेल अशी ही चूक. पण मी खूश होते. निम्मं पाणी वाचलं, बायकांचं काम वाचलं, दादांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. गावातल्या एका मंडळानं पाणी वाचवणाऱ्यांचा सत्कार ठेवला होता, त्यातही माझं नाव गेलं.

त्याच दिवसांत मामा धागा घेऊन आले. नेहमीसारखे सावलीत बसले, बटा ओढल्या, मांडीवर वळायला लागले. आणि थांबले. मांडीवरून हात फिरवला, परत वळलं, परत थांबले. मग मला हाक मारली.

"बाई, ह्यो धागा धुवून निघाला न्हाय. मांडीला चुरचुरतंय बगा."

मी पट्टीचं पाकीट हातात घेऊन उभी होते. आजूबाजूला सात-आठ बायका. सगळ्यांनी माना वर केल्या. वास्तविक मी त्या धाग्याला हात लावून बघायला हवं होतं. धागा तिथंच होता, पाणी तिथंच होतं, पट्टी माझ्या हातात होती. पण मला राग आला. मला शिकवतो? सत्काराला निघालेल्या बाईला?

मी म्हटलं, "मामा, आधी ते धोतर खाली घ्या. इथं बायका काम करतात. आणि तुमच्या मांडीपेक्षा माझी पट्टी जास्त खरं सांगते."

बायका हसल्या. मी प्रमुख होते, मी विनोद केल्यावर हसणं भागच होतं त्यांना. मामांनी धोतर खाली ओढलं. उठले. "चुकलं बाई," म्हणाले. साठी उलटलेला माणूस तो, माझ्या वडिलांच्या पाठच्या भावासारखा दिसायचा. त्यानंतर टेम्पो आला की ते फाटकाबाहेरच उभे राहायचे, आत सावलीत बसायला आले नाहीत. मला ते बरंच वाटलं, चला, शिस्त लागली. शिस्त!

पुढं महिना-दीड महिन्यात बिराजदार आले. त्यांची मिरचीच्या रोपांची मोठी नर्सरी होती आणि त्या हंगामाचे सगळे ट्रे त्यांनी आमच्याकडून घेतले होते. जीपमधून एक ट्रे काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. त्याचे तुकडे झाले.

"मॅडम, हा ट्रे आहे का पापड?"

पाणी बसलं की ट्रे ठिसूळ होत होते. उचलायला गेलं की मोडत आणि त्याबरोबर रोपांची मुळं तुटत. लावणीला आलेले शेतकरी नर्सरीच्या दारात उभे. दादांचा चेहरा उतरला. बिराजदारांना लेखी कारण हवं होतं, त्यांनाही त्यांच्या गिऱ्हाइकांपुढं काहीतरी दाखवायचं होतं. दादा म्हणाले, "मॅडम, तपासून लिहून द्या."

मी तपासलं नाही. अर्ध्या तासात लिहून दिलं. ते वाक्य मला पाठ आहे: 'ग्रामीण भागातून पुरवठा झालेल्या धाग्याची कुजवण प्रमाणाबाहेर झाल्याने धागा मुळातच कमकुवत होता.' नाव घातलं नव्हतं. पण कुजवलेला धागा देणारा माणूस एकच होता. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. आणि आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात जड होतो. मामा दोर वळणाऱ्यांच्या घरातले, मी पाटलांच्या घरातली. 'त्यांच्यावर ढकलू' असं मी मनात म्हटलं नव्हतं, शपथेवर सांगते. पण बोट दाखवायची वेळ आली तेव्हा ते आपोआप गावाच्या त्या टोकाकडं गेलं. तिकडून कोण विचारायला येणार आहे, हे बोटाला ठाऊक असतं. आमच्या घरात मोठ्यांची बोटं वर्षानुवर्षं तिकडंच जाताना मी पाहिली होती, आणि मी स्वतःला त्यातली समजत नव्हते.

लिहिताना मला ते निम्मंशिम्मं खरंही वाटत होतं. म्हणून दुपारचा डबा खाल्ल्यावर, उगाच खात्री म्हणून, त्याच लॉटमधली, तीन पाण्यांत धुतलेली एक उरलेली जुडी घेतली. स्वच्छ पाण्यात तासभर ठेवली, माझ्याच तक्त्यात लिहिल्याप्रमाणे. पट्टी बुडवली. निळी झाली. बघता बघता जांभळी झाली.

तो कागद तेव्हा दादांच्या टेबलावरच होता. त्यांची सही व्हायची होती. धुलाईपासून ऑफिसपर्यंत फार तर पंचवीस पावलं. मी उठले, पदर खोचला, हौदापर्यंत गेले, आणि बादलीतलं पाणी ओतून दिलं. पट्टी चुरगळून कचऱ्यात टाकली. सत्कार चार दिवसांवर होता. निमंत्रणपत्रिकेवर माझं नाव छापून आलं होतं, 'श्रीमती' नाही, 'सौ.' असं व्यवस्थित. सत्काराला मी गेले. शाल घेतली, नारळ घेतला, दोन शब्द बोललेसुद्धा. काय बोलले ते आता लिहिलं तर कागदाला लाज वाटेल.

आणि इथं मी सगळ्यात हुशारीचं काम केलं. दुसऱ्या दिवसापासून गुपचूप पुन्हा सहा पाणी सुरू केली, तासभर थांबणं सुरू केलं. दादांना सांगितलं की टँकर वाढवावे लागतील, नव्या ऑर्डरी आहेत. त्याच सुमारास दादांनी मामांचा धागा बंद केला आणि सगळा यंत्रावरचा घ्यायला लागले. नवा धागा, चांगला माल! ट्रे पुन्हा पोलादासारखे निघायला लागले. मग तर शंकाच उरली नाही कुणाला. कारण सापडलं, माणूस सापडला, दोष गेला. फक्त आमची जनाबाई, जिनं वीस वर्षं माझ्या हाताखाली धागा पिळला, एकदा हौदावर पिळता पिळता म्हणाली, "म्याडम, पुन्ना सहा पाणी व्हय?" मी म्हटलं, "हो. का?" ती म्हणाली, "काय न्हाय," आणि खाली मान घालून पिळायला लागली.

त्यानंतर महिनाभरानं मामा फाटकावर आले. टेम्पो नाही, धागा नाही, एकटेच. वॉचमननं मला बोलावलं. मला वाटलं आता भांडण. मी मनातल्या मनात उत्तरं तयार करत गेले. मामांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"बाई, धागा घेऊ नगा. त्याचं काय न्हाय. पर माजं काय चुकलं, तेवडं सांगा. टेम्पोवाला गावात सांगतोय, मारुतीचा धागा सडका निघाला. माज्या हातून आजवर आसं झालं न्हाय. काय चुकलं ते कळलं तर सुदारीन."

वाचकहो, त्या क्षणी मी खरं सांगू शकत होते. तिथं कुणी नव्हतं. वॉचमन पाणी प्यायला गेला होता. भांडायला आलेल्या माणसाशी मी भांडले असते, ते मला जमतं. पण हा माणूस शिकायला आला होता. मी गडबडले. आणि गडबडलेला शिकलेला माणूस जे करतो ते केलं. सल्ला दिला.

"मामा, तुमची कुजवण जास्त होते. तुमच्या हाताला तयार वाटलं, की त्याच्या दोन दिवस आधीच पान काढत जा."

त्यांनी दोन बोटं वर केली. "दोन दिस?"

"दोन दिवस."

"आमी आपलं अंदाजानं करतो बाई. तुमी शिकल्याल्या हायसा." टोपी घातली, रामराम केला आणि बसस्टॉपकडं गेले. मला वाटलं, सुटले.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण खरं सांगते, मला फारसं खवखवलंही नाही. मी पुढं बरीच वर्षं तिथं काम केलं. नवीन मुलींना सहा पाण्यांचं महत्त्व शिकवलं. निवृत्तीच्या समारंभात दादांनी सांगितलं की मॅडमच्या हातून एकही लॉट खराब गेला नाही, आणि मी पदरानं डोळे पुसले. मामांची आठवण यायची ती त्या एका कागदापुरती. फाटकावरच्या सल्ल्याची आठवणही राहिली नव्हती. सल्ला द्यायला काय लागतं, जाताजाता दिला होता.

यंदा नागपंचमीच्या आधी नातीनं झोक्याचा हट्ट धरला. नायलॉनचा दोर हाताला कापतो, म्हणून उमरग्याच्या बाजारात केकताडाचा दोर शोधत गेले. एक माणूस दोर मांडून बसला होता. हातात घेतला तर कडक, खरखरीत, जागोजाग गराच्या वाळक्या पापड्या तशाच. नखानं खरवडलं की भुसा पडायचा. माझ्यातली प्रमुख लगेच जागी झाली.

"अहो, हे कच्चं काढलंय. पान पुरतं कुजवलेलं नाही."

तो म्हणाला, "कच्चं न्हाय बाई, नवी रीत हाय. दोन दिस आधी काढायचं. जळकोटच्या मारुतीमामानं शिकवलं आमाला. त्यांना फॅक्टरीतल्या लई शिकल्याल्या बाईनं सांगितल्यालं हाय."

मी दोर खाली ठेवला. तो भाव कमी करायला लागला, पण मी चालायला लागले होते. तिथून घरी न जाता जळकोटची बस पकडली.

मामांचं घर विचारत गेले. दारापुढं लिंबाखाली मामा बाजेवर बसले होते, बरेच थकले होते, पण मला लांबूनच ओळखलं. "या बाई, या. सुमन, पाणी आण." सुमन त्यांची सून. मुलगा सोलापूरला कामाला, दोराचं सगळं काम हीच बघते. ती ओट्यावर पान बडवत होती. बडवायची लाकडी मोगरी ठेवून तिनं पाणी आणलं. तांब्या घेताना तिचे हात दिसले. तळव्याला भेगा, बोटांना चिंध्या बांधलेल्या.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तीन पाणी, पट्टी, कागद, जांभळा रंग, बादली. बसून सांगायचं धाडस नव्हतं. मामा ऐकत होते. मधे एकदा मांडीवर हात गेला त्यांचा, आणि लगेच मागं घेतला. शेवटी म्हणाले, "म्हंजी धागा बरा हुता माजा?"

"चांगला होता मामा. नेहमीसारखा."

"आन् ते दोन दिस?"

"ते खोटं होतं."

मामांनी सुनेकडं बघितलं. सुमन बोलली. "खोटं?" पुन्हा उचललेली मोगरी तिनं खाली ठेवली. "बाई, तवापासनं मी कच्ची पानं बडवतीया. गर सुटत न्हाय, सुटत न्हाय, तरी बडवायचं, कारन फॅक्टरीच्या बाईनं सांगितलंय. मामांचा दोर मऊ हुता, बैलाच्या नाकाला लागत नव्हता. पोळ्याला चार गावं आमच्या दारात यायची, आमच्याच वेसनी, आमचेच कासरे. आदी सडका धागा म्हून बोंब झाली. मंग दोर टोचतोय म्हून लोकांनी नायलॉन धरला. हे म्हाताऱ्यानं मनाला लावून घेतलं, की आपलाच हात गेला आता. गर सुटल्याला हाताला कळायचा, तरी म्हनायचे, माजा हात खोटा हाय, बाई म्हनली ते खरं."

मी म्हटलं, "माझं चुकलं." म्हणताना मला आठवलं, हा 'चुकलं' शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला होता, ते चुकले नसताना.

मामांनी सुनेला हात करून थांबवलं. "खड्ड्यातलं आज काडायचं हुतं न्हवं?"

"व्हय."

"नगं काडूस. ऱ्हाऊ दे." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बाई, तुमी आलात, बरं केलंत. पर मला एकट्याला सांगून काय उपेग? तुमी लिवून दिलं हुतं. लिवल्यालं तोंडानं पुसत न्हाय."

सुमन मला सोडायला रस्त्यापर्यंत आली, म्हणजे सोडायला नव्हे, बजावायला आली. "लिवा. आन् नाव घाला. मागल्या टायमाला त्यांचं नाव न घालता सगळ्यांना कळलं, आता नाव घालून कळू द्या. तुमचं बी घाला."

दादांना फोन केला. म्हटलं, त्या जुन्या फायलीत माझं एक पत्र जोडा, बिराजदारांनाही एक प्रत पाठवा. ते म्हणाले, "मॅडम, आता कशाला? किती जुनं झालं ते." जुनं झालं खरं, आमच्यासाठी. पत्र मी पोस्टानं पाठवलं आहे. आणि या अंकाच्या संपादकांनी 'कारखान्यातल्या गमतीजमती लिहा' म्हणून सांगितलं होतं, त्यांची माफी मागून ही जागा मी त्यासाठी वापरते आहे. माझं नाव वर छापलेलंच आहे.

ज्या लॉटचे ट्रे मोडले, त्याचा धागा जळकोटच्या मारुतीमामांचा होता आणि तो चांगला होता. त्यांची कुजवण बरोबर होती. पाणी मी तोडलं, पट्टी मी घाईनं लावली, त्यांनी सावध केलं तेव्हा मी बायकांपुढं त्यांचं हसं केलं, आणि खरं कळल्यावरही मी गप्प बसले. 'दोन दिवस आधी काढा' हे मी माझी कातडी वाचवायला बोलले होते, त्याला कसलाही आधार नाही. मामांकडून ज्यांनी ज्यांनी ती रीत विश्वासानं उचलली असेल, त्या सगळ्या दोरवाल्यांना हात जोडून सांगते: पान चिमटीत धरून बघा, आणि गर सुटेपर्यंत पाण्यातून काढू नका.